क्रिकलेडचे कुरण

थेम्स नदी म्हटली की लंडनचे पूल, गोद्या आणि पार्लमेंटची इमारत डोळ्यांसमोर येते. परंतु लंडनपासून सुमारे १३० किलोमीटर पश्चिमेस, विल्टशर परगण्याच्या उत्तर टोकाला हीच नदी एखाद्या ओढ्याएवढी दिसते. उगमापासून येथवर तिच्या काठी केवळ खेडी लागतात. नगर म्हणता येईल असे पहिले ठिकाण म्हणजे क्रिकलेड.

इंग्लंडमध्ये ज्याला ‘मार्केट टाउन’ म्हणतात, त्याची कल्पना आपल्याकडील बाजारपेठेच्या गावावरून करता येईल. खेड्याहून मोठे, शहराहून लहान, मध्ययुगापासून बाजार भरवण्याचा अधिकार असलेले आणि भोवतालच्या पंचक्रोशीच्या देवघेवीवर जगलेले असे हे गाव असते. क्रिकलेडची लोकसंख्या चार हजारांहून थोडीच अधिक आहे. उत्तर-दक्षिण जाणारा एक सरळ मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा दगडविटांची जुनी घरे, दोन प्राचीन चर्चे आणि उत्तरेच्या टोकाला नदीवरील पूल, एवढाच त्याचा पसारा. पुलाच्या पलीकडे, गावाच्या वायव्येस, थेम्स आणि तिला येथे मिळणारी चर्न या दोन नद्यांच्या मध्ये ४४ हेक्टरांचे एक सपाट कुरण पसरले आहे. त्याचे नाव नॉर्थ मेडो. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत या कुरणात लाखो जांभळी फुले उमलतात. ब्रिटनमध्ये रानात उगवणाऱ्या फ्रिटिलरी या फुलझाडांपैकी सुमारे ८० टक्के झाडे या एका कुरणात आहेत, असे मानले जाते.

हे दृश्य पाहण्यास येणाऱ्या अनेकांची समजूत अशी असते की, येथे निसर्गाला माणसाचा हात लागलेला नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गेली कित्येक शतके हे कुरण दरवर्षी कापले जाते, त्यावर गुरे चरतात आणि त्याचा प्रत्येक वाफा कोणाच्या ना कोणाच्या हक्काचा असतो. ही कापणी आणि ही चराई थांबली, तर थोड्याच वर्षांत येथे उंच, जाडेभरडे गवत आणि झुडपे माजतील व फुले नाहीशी होतील.

या भूमीची घडण समजून घेतल्यावाचून कुरणाचे रहस्य उलगडत नाही. उत्तरेस कॉट्सवोल्ड नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. हिमयुगांच्या काळात त्या टेकड्यांवरून वाहून आलेली चुनखडीची खडी थेम्सच्या रुंद खोऱ्यात पसरली. या खडीच्या थराखाली निबर चिकणमाती आहे आणि वर नदीने पुरात आणून टाकलेल्या गाळाचा थर आहे. हिवाळ्यात नदी काठ ओलांडते आणि कुरण पाण्याखाली जाते. पाणी ओसरू लागले की खडीच्या थरातून त्याचा निचरा होतो. उन्हाळ्यात त्याच थरातील ओल मुळांना पोचते. म्हणून हे कुरण दलदलही होत नाही आणि कोरडेही पडत नाही. या दोहोंच्या मधली स्थिती ज्यांना मानवते, अशाच वनस्पतींचा समूह येथे जमला आहे.

ज्या सपाटीने कुरण घडवले, तिनेच गावही घडवले. सिरेनसेस्टरहून आग्नेयेकडे जाणारा रोमन लोकांचा हमरस्ता येथून जवळच थेम्स ओलांडत असे. त्यामुळे हा उतार लष्करी दृष्ट्या मोक्याचा होता. इसवी सन ८७८ मध्ये वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने डेन आक्रमकांचा पराभव केला. त्यानंतर त्यांच्या सैन्याने वर्षभर तळ ठोकला तो क्रिकलेडपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरांवरील सिरेनसेस्टर येथे. हा धडा आल्फ्रेड विसरला नाही. त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत वेसेक्सच्या सरहद्दीवर व नदीकाठांवर तटबंदीची गावे वसवण्यात आली. क्रिकलेड हे त्यांपैकी एक होय.

दहाव्या शतकाच्या आरंभीच्या एका यादीत या तटबंदीच्या गावांची नावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेमून दिलेल्या जमिनीचे प्रमाण आले आहे. जमिनीचे तेव्हाचे माप ‘हाइड’ हे होते. प्रत्येक हाइडमागे एक माणूस द्यायचा आणि तटाच्या सुमारे पाच मीटर लांबीचे रक्षण चार माणसांनी करायचे, असा तो हिशेब होता. क्रिकलेडच्या नावापुढे १,५०० हाइड लिहिले आहेत. म्हणजे सुमारे १,९०० मीटर लांबीचा तट. विंचेस्टर येथे असाच हिशेब केला असता तो तेथील तटाच्या लांबीशी विलक्षण जुळतो, त्यामुळे ही यादी म्हणजे निव्वळ कागदी योजना नव्हती, हे दिसते. क्रिकलेडचा तट प्रथम माती आणि गवताच्या ढेपांचा होता, नंतर त्याला दर्शनी बाजूने दगडी भिंत घालण्यात आली. आज तो घरांच्या परसांतून आणि शेतांच्या कडेने जाणाऱ्या बुटक्या बांधासारखा दिसतो. माहीत नसलेला माणूस त्यावरून चालून जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. चौकोनी आखणी मात्र रस्त्यांच्या रचनेत अजून टिकून आहे.

तट असूनही शत्रू आलेच. दहाव्या शतकाच्या प्रारंभी डेन सैन्याने येथेच थेम्स ओलांडली आणि पुढे १०१६ च्या सुमारास कनूट याने आपली फौज येथूनच पार नेली, अशा नोंदी तत्कालीन इतिवृत्तात आहेत. त्या काळी गावात राजाची टांकसाळही होती. यानंतर मात्र क्रिकलेडचे राजकीय महत्त्व ओसरले. दूरवरून दिसणारा सेंट सॅम्सन चर्चचा चार शिखरांचा भव्य मनोरा सोळाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. त्याचे श्रेय नॉर्थंबरलंडचा ड्यूक जॉन डडली याला दिले जाते. लेडी जेन ग्रे हिला गादीवर बसवण्याच्या खटपटीत १५५३ मध्ये त्याचे शिर गेले. एवढ्याशा गावाला हा मनोरा जरा अवजडच वाटतो, पण सपाट मैदानात तोच सर्वत्र वाटाड्याचे काम करतो.

अठराव्या शतकातील क्रिकलेड आणखी एका कारणाने गाजले, आणि त्याचा धागा हिंदुस्थानपर्यंत पोचतो. पार्लमेंटवर दोन प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क या चिमुकल्या गावाला होता आणि येथील मते पैशाने विकत मिळत. १७८० मध्ये येथून निवडून आलेल्या दोघांपैकी एक होता पॉल बेनफिल्ड. मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना अर्काटच्या नवाबाला कर्जे देऊन गबर झालेल्या सावकारांचा हा मेरुमणी होता. निवडून आल्यावर तो थोड्याच काळात पुन्हा मद्रासला गेला. या कर्जांचा पंचनामा एडमंड बर्क याने १७८५ मध्ये पार्लमेंटमधील आपल्या प्रसिद्ध भाषणात केला, तेव्हा बेनफिल्ड त्याच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होता. कर्नाटकातील रयतेकडून निघालेला पैसा थेम्सकाठच्या मतदारांपर्यंत कसा पोचे, याचे हे उदाहरण आहे. क्रिकलेडमधील लाचलुचपत इतकी उघड झाली की १७८२ मध्ये खास कायदा करून आसपासच्या प्रदेशातील जमीनधारकांनाही येथे मताधिकार द्यावा लागला.

ज्या गावात मत विकता येत होते, तेथे कुरणावर गुरे चारण्याचा हक्क मात्र विकून टाकता येत नव्हता. कारण तो एखाद्या व्यक्तीचा नसून गावातील रहिवासाचा होता. माणूस गाव सोडून गेला की हक्क त्याच्यामागे जात नसे, तो गावातच राही. कुरणाचा पुढील इतिहास या साध्या गोष्टीवर उभा आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशा कुरणाला ‘लॅमस’ जमीन म्हणत. लॅमस हा नव्या पिकाचा सण १ ऑगस्टला येतो. हिवाळा संपता संपता कुरण बंद होई आणि गवत वाढू दिले जाई. त्या गवतावर वाट्यांच्या मालकांचा हक्क असे. प्रत्येकाचा वाटा दगड रोवून ठरवलेला होता. असे आद्याक्षरे कोरलेले दगड नॉर्थ मेडोमध्ये आजही गवतात उभे आहेत. उन्हाळ्यात प्रत्येकाने आपापल्या वाट्यातील गवत कापायचे, वाळवायचे आणि घेऊन जायचे. त्यानंतर लॅमसच्या दिवसापासून मालकांचा हक्क संपे आणि संपूर्ण कुरण गावाचे गायरान होई. हिवाळ्याच्या अखेरीस ते पुन्हा बंद होत असे.

नॉर्थ मेडोची चराई मात्र १ ऑगस्टला नव्हे तर १२ ऑगस्टला सुरू होते आणि १२ फेब्रुवारीला संपते. यामागील कारण मौजेचे आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने जुनी दिनदर्शिका टाकून नवी स्वीकारली, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर धरण्यात आला आणि मधले अकरा दिवस गळाले. कायद्याने तारखा बदलल्या, पण गवताच्या वाढीला दिनदर्शिका कोठून ठाऊक असणार? शेतकऱ्यांनी जुनाच दिवस पाळला आणि नव्या मोजणीत तो १२ ऑगस्ट झाला. रूढीप्रमाणे क्रिकलेडच्या रहिवाशाला या दिवसापासून दहा गुरे वा घोडे, किंवा महिनाभरानंतर वीस मेंढ्या कुरणावर सोडता येतात.

या हक्कांवर देखरेख करणारी संस्थाही जुनीच आहे. ‘कोर्ट लीट’ ही मध्ययुगीन जहागिरीची न्यायसभा. गावातील लहानसहान तंटे मिटवणे, वजनमापे तपासणे, बांधांवरील अतिक्रमणे हटवणे ही तिची कामे होती. बहुतेक गावांतून ती केव्हाच लोपली आणि १९७७ च्या कायद्याने उरल्यासुरल्या सभांचे न्यायदानाचे अधिकारही काढून घेतले. मात्र काहींची रूढ कामे चालू राहू दिली. क्रिकलेडची सभा त्यांपैकी एक आहे. तिने नेमलेला हेवर्ड, म्हणजे कुरणाचा राखणदार, कोणाची किती जनावरे आली याकडे लक्ष ठेवतो. पर्यटकांना दाखवण्यासाठी जपलेली ही हौस नव्हे. सामाईक जमिनीवर प्रत्येकाने किती घ्यावे याचा हिशेब ठेवणारा कोणी नसेल, तर गायरान किती लवकर उजाड होते, हे भारतातील वाचकाला वेगळे सांगावयास नको.

आता फुलाकडे वळू. फ्रिटिलरी हे कंदापासून वाढणारे, वीतभर-दीड वीत उंचीचे नाजूक झाड. बारीक देठाच्या टोकाला खाली मान घालून घंटेच्या आकाराचे एक फूल लोंबते. त्याच्या पाकळ्यांवर फिकट व गडद जांभळ्या चौकटी असतात, जणू कोणी सोंगट्यांचा पट रंगवला आहे. काही फुले निव्वळ पांढरी असतात. कळी असताना ती सापाच्या फण्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजीत तिला सापाच्या डोक्याचे नाव मिळाले. शास्त्रीय नावातील ‘मेलिआग्रिस’ या शब्दाचा अर्थ ठिपक्याठिपक्यांची गिनी कोंबडी. एके काळी कुष्ठरोग्यांना हातात घंटा वाजवत फिरावे लागे. त्या घंटेशी असलेल्या साम्यावरूनही लोकांनी या फुलाला नाव दिले होते.

हे फूल मुळात इंग्लंडचे आहे की नाही, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते बागांतून लावले जात होते, परंतु रानात ते उगवत असल्याची पहिली नोंद १७३६ ची आहे. इतके ठळक फूल त्यापूर्वीच्या जाणत्या वनस्पतिसंशोधकांच्या नजरेतून सुटले असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. म्हणून ते बागांतून निसटून पुराबरोबर कुरणांत पसरले असावे, असे काहींचे मत आहे. तसे असेल, तर ज्याला इंग्लंडच्या रानाचे भूषण म्हणून मिरवले जाते ते झाडही माणसाचाच हात धरून आलेले ठरेल.

त्याच्या वाढीचा क्रम आणि कुरणाची दिनचर्या यांचा मेळ पाहण्याजोगा आहे. फेब्रुवारीत गुरे बाहेर गेली की कोंब वर येतात; गवत आखूड असल्याने त्यांना भरपूर उजेड मिळतो. एप्रिलमध्ये भुंग्याच्या जातीच्या जाड माश्या फुलांत शिरून परागण करतात. जूनच्या अखेरीपर्यंत बी पिकून गळते, पाने सुकतात आणि सारा जीव कंदात उतरतो. मग विळा फिरला काय किंवा यंत्र फिरले काय, झाडाला त्याची झळ लागत नाही. ऑगस्टनंतर चरणाऱ्या जनावरांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाते. बीपासून फूल येण्यास मात्र चार-पाच किंवा अधिक वर्षे लागतात, त्यामुळे एकदा नाहीसे झालेले झाड सहजासहजी परत येत नाही.

फ्रिटिलरीची फुले ओसरली की पाठोपाठ पाणझेंडूसारखी पिवळीधमक फुले, फिकट निळसर कुकूफ्लॉवर, पांढऱ्या डेझी आणि गर्द तांबड्या गोंड्यांची ग्रेट बर्नेट यांची पाळी येते. त्यांतील ‘यलो रॅटल’ ही वनस्पती विशेष उपयोगी आहे. ती गवताच्या मुळांतून आपले अर्धे अन्न शोषून घेते, त्यामुळे गवताचा जोर मोडतो आणि इतर फुलझाडांना जागा मिळते. वाळल्यावर तिच्या बोंडातील बिया खुळखुळतात. पूर्वीचे शेतकरी हा आवाज ऐकून गवत कापणीला आले असे समजत.

अशी कुरणे एके काळी थेम्सच्या काठाने सर्वत्र होती. प्रथम अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि त्या खाजगी झाल्या. क्रिकलेडच्या परिसरात कालवा आला, रेल्वे आली आणि दोन्ही कालांतराने बंदही पडल्या. थेम्स-सेव्हर्न कालव्याचे कोरडे पात्र आजही कुरणाच्या कडेला दिसते. १८२१ मध्ये या भागातून गेलेल्या विल्यम कॉबेटने गावाविषयी अतिशय कडवट लिहिले, मजुरांची वाटेकडेची खोपटी पाहून तो संतापला होता. परंतु खरा घाला विसाव्या शतकात पडला. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य वाढवण्यासाठी जुनी कुरणे नांगरण्यात आली. नंतर रासायनिक खते आली. नत्र आणि स्फुरद मिळाले की दोन-तीन जातींचे जोमदार गवत बाकीच्या सर्व वनस्पतींना दडपून टाकते. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधील सखल भागांतील जुन्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के अशा रीतीने नष्ट झाली किंवा निकृष्ट झाली.

नॉर्थ मेडो वाचले ते कोणा निसर्गप्रेमी जमीनदाराच्या औदार्यामुळे नव्हे. उन्हाळ्यातील गवत एकाचे, हिवाळ्यातील चराई सर्वांची. अशा स्थितीत ते नांगरण्याचा अधिकार कोणाही एकाला नव्हता. हक्कांची ही गुंतागुंत शेतीसुधारकांना नेहमीच अडगळ वाटली. त्याच अडगळीने कुरणाला तारले. १९७३ मध्ये ते राष्ट्रीय निसर्गरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि आता ‘नॅचरल इंग्लंड’ या शासकीय संस्थेकडे त्याची व्यवस्था आहे. या संस्थेने कुरणासाठी वेगळी योजना आखली नाही. जुनीच कापणी आणि जुनीच चराई चालू ठेवली.

आजचा धोका कुंपणाने अडवता येणारा नाही, कारण तो पाण्यातून येतो. पुराच्या गाळाबरोबर स्फुरद कुरणात येतो आणि दरवर्षी कापून नेलेल्या गवताबरोबर तो बाहेर जातो. शतकानुशतके ही जमाखर्चाची वही बरोबर जुळत होती. आता नदीच्या पाण्यात शेतांतील खतांचा आणि सांडपाण्याचा अंश मिसळतो, म्हणून जमेची बाजू वाढली आहे. उन्हाळा पावसाळी गेला, तर कुरणात यंत्र घालता येत नाही आणि कापणी लांबते. तोवर झाडांनी आपली पोषकद्रव्ये मुळांत परत ओढून घेतलेली असतात, त्यामुळे खर्चाची बाजूही घटते. पाणी फार काळ साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही आणि लव्हाळ्याच्या जातीचे राकट गवत पुढे सरसावते. २००७ आणि २०१२ हे दोन्ही उन्हाळे इंग्लंडमध्ये असेच ओले गेले. उपाय म्हणून कापणी लवकर करावी, तर उशिरा बी धरणाऱ्या वनस्पतींचे नुकसान होते. जुने चर उपसून पाण्याला वाट द्यावी, तर ते किती खोल उपसावेत हा प्रश्न उरतो. या तडजोडींचा अभ्यास २००७ पासून ओपन युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने चाललेल्या पूरमैदानी कुरणांच्या प्रकल्पात होत आहे.

क्रिकलेडच्या भोवती याच भूमीची आणखी दोन रूपे पाहावयास मिळतात. उत्तरेस व पश्चिमेस बांधकामासाठी खडी उपसल्याने झालेल्या खाणी भूजलाने भरल्या आणि दीडशेहून अधिक तळी तयार झाली. हिवाळ्यात तेथे पाणपक्ष्यांचे मोठे थवे उतरतात आणि २०२१ मध्ये या तळ्यांना विशेष शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले. दक्षिणेस ब्लेकहिल फार्म आहे. १९४४ मध्ये तेथील विमानतळावरून नॉर्मंडीच्या व आर्नेमच्या मोहिमांसाठी विमाने आणि ग्लायडर निघाले होते. विल्टशर वाइल्डलाइफ ट्रस्टने २००० साली ही जमीन विकत घेतली आणि जवळपासच्या जुन्या कुरणांतील बी आणून तेथे पेरले. तेथे आता कापणी आणि चराई होते. नॉर्थ मेडोसारखा वनस्पतींचा समूह तेथे जमण्यास किती दशके लागतील, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

नॉर्थ मेडोमध्ये दर वसंत ऋतूत स्वयंसेवक ओळीने गुडघे टेकून बसतात आणि मीटरभर लांबीरुंदीच्या चौकटी जमिनीवर ठेवून फ्रिटिलरीची झाडे मोजतात. फुलांची वेगळी नोंद, नुसत्या पानांची वेगळी. फुले कमी पण पाने भरपूर असतील, तर कंद जिवंत आहेत आणि ते वर्ष केवळ वाईट गेले, असे समजतात. पाहुण्यांना तोवर ठरलेल्या पायवाटेवरूनच चालावे लागते. पुढे जुलैत गवताच्या गंजी वाहून नेल्या जातात आणि १२ ऑगस्टला फाटक गावच्या गुरांसाठी उघडते.